तारलीचं तेल

मासे खाणाऱ्यांतही तारली म्हटलं की नाक मुरडणारे बरेच असतात. काटे फार, वास फार, आणि आकार म्हणाल तर जेमतेम वीतभर. पाहुणे येणार म्हणून कोणी मुद्दाम तारली आणत नाही, ती आपली घरच्यांपुरती. मला मात्र तीच आवडते, आणि लोक जिला नावं ठेवतात त्या तेलकटपणामुळेच आवडते.

साफ करताना नळाखाली नुसता अंगठा फिरवला की खवले सुटतात आणि मनगटाला चिकटून बसतात, हात कितीही धुवा, नंतर कुठेतरी एखादा चमकतोच. पोटाची कड खरखरीत लागते. डोकं जरा मुरडून ओढलं की आतडी सोबतच बाहेर येतात, सुरीसुद्धा लागत नाही. मग तव्यावर टाकली की थोड्या वेळात तिचंच तेल सुटायला लागतं, कातडी कडेने कुरकुरीत होते, आणि मग काट्यांची तक्रार करायला तोंड रिकामं असलं तर ना!

हे सगळं तेल येतं प्लँक्टनमधून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांमधून. तोंड उघडं ठेवून पोहायचं, कल्ल्यांमधल्या बारीक चाळणीत अडकेल ते गिळायचं, झालं जेवण. अन्नसाखळीत एवढी खाली आणि आयुष्यही थोडक्या वर्षांचं, त्यामुळे शार्क किंवा मोठ्या ट्यूनासारखा पारा तिच्यात साठत नाही, ओमेगा-3 मात्र भरपूर.

पण तेच तेल हवा लागली की खवट होतं, म्हणून ताजी तारली कोणासाठी थांबत नाही, बर्फ नसेल तर बघता बघता कामातून जाते. त्यावर डबा हा उपाय निघाला, फ्रान्समधल्या नांतला 1820च्या दशकात तारली डबाबंद व्हायला लागली. डब्यातल्या उष्णतेने काटे इतके मऊ होतात की दोन बोटांत खडूसारखे चुरडतात, आणि कॅल्शियम त्यातच असतं, तरी ते निवडून बाजूला ठेवणारे लोक आहेत (असोत बापडे). काही शौकीन तर डबे वर्षानुवर्षं ठेवतात, अधूनमधून उलटे करतात, मासा तेलात नीट मुरावा म्हणून.

आता गंमत बघा, जगात पकडलेल्या तारलीतला बराच माल माणसाच्या ताटात येतच नाही, त्याचं फिशमील (माशांची भुकटी) आणि तेल होतं आणि ते पाळलेल्या साल्मनला खायला घालतात. मग तोच साल्मन आपण ओमेगा-3 मिळावं म्हणून महागात घ्यायचा. मधला एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, ते मला कळत नाही.