न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मोटरहोमने, सावकाश

निवृत्त जोडप्याने मोटरहोममधून, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून, ग्रेमाउथहून किनाऱ्याने हास्ट आणि मग खिंडीतून वानाका गाठावं. दिवसाला 150 किलोमीटर पुष्कळ झाले. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, पण एकपदरी पूल वारंवार येतात. पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. डिझेल फॉक्स ग्लेशियर गावातच भरा, पुढे हास्ट सुमारे 120 किलोमीटरवर आहे.

हास्ट खिंड अवघी 562 मीटर उंच. तरी साडेतीन टनांची गाडी उतारावर नुसत्या ब्रेकवर सोडली तर ब्रेक तापतात आणि पकड जाते. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. निघताना गॅस सिलिंडर बंद करा. सांडपाणी फक्त डम्प स्टेशनवरच, म्हणजे ते ओतण्याच्या ठरलेल्या जागीच, कृपा करून नदीकाठी नको. सँडफ्लाय, म्हणजे चावणाऱ्या बारीक माश्या, टाळायला लांब बाह्यांचे कपडे हवेतच.