‘आसनगावहून पंधरा मिनिटं’ म्हणे! बारा घरं पाहून आलो त्याचा वृत्तांत

पंधरा मिनिटं नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. आसनगाव स्टेशनवरून टमटमने चाळीस मिनिटं, आणि ती जिथे सोडते तिथून दीड किलोमीटर चढण पायी. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये ‘स्टेशनपासून १५ मिनिटे, गाडी दारापर्यंत’ असं छातीठोक लिहिलेलं होतं. लिहिणारा स्वतः एकदाच गेलेला, तोही डिसेंबरात, बाइकवरून. हे आम्हाला वर पोचल्यावर कळलं.

गेलो कशाला, तर भांडुपच्या आमच्या चाळीतल्या अकरा जणांची एक जुनी टूम आहे. चौघांचं मूळ गाव शहापूर तालुक्यातलं. तिथल्या भाऊबंदांना सोबत घेऊन एक छोटी गृहनिर्माण सोसायटी काढायची, स्वस्त आणि कमी विजेवर भागणारी घरं बांधायची. वीकएंडला पार्टी करायची घरं नव्हेत, राहायची. एका वाडीने अशी बारा घरं एकत्र येऊन बांधली आहेत असं कानावर आलं, म्हणून मे महिन्यातल्या शनिवारी सहा जण निघालो. मे मुद्दाम निवडला. घर थंड राहतं का आणि पाणी टिकतं का, हे डिसेंबरात काय कळणार, कपाळ?

ठाण्याहून सकाळची कसारा लोकल. बसायला जागा मिळाली. पुढे.

स्टेशनबाहेर टमटमवाल्याने सहा जणांचे ९०० रुपये सांगितले. ‘रस्ता खराब आहे साहेब, गाडी वरपर्यंत घालतो.’ गाडी वरपर्यंत घातली नाहीच. आंब्याच्या झाडाखाली थांबवून म्हणाला, ‘इथून पुढे जात नाही, क्लच जळतो.’ पैसे मात्र आधीच घेतलेले. रविवारी परतताना कळलं की त्याच झाडाखाली सकाळी शेअर गाडी येते, सीटचे ५० रुपये. म्हणजे सहा जणांचे ३००. पैसे उतरल्यावर द्या, आणि ‘वरपर्यंत’ म्हणजे नेमकं कुठवर ते आधी बोलून घ्या.

आता ती चढण. मला दुसरं काही लिहायचंच नाही असं वाटेल, पण ऐका. लाल मातीत सुटी खडी टाकलेली, तीही रोलर न फिरवता. पाऊल टाकलं की अर्धं मागे. साडेअकराचं ऊन, सावलीला एक पळस, त्याचीही सावली विरळ. दोन वळणांवर ट्रॅक्टरच्या चाकांनी गुडघाभर चर पाडलेत. आमच्यातले एक काका पोस्टातून निवृत्त झालेले, रोज मुलुंडपर्यंत चालणारे, ते तीनदा बसले. पस्तीस मिनिटं लागली.

वर पोचल्यावर पाणी देत एक मावशी म्हणाली, ‘तुम्ही रिकाम्या हाताने आलात भाऊ. घर बांधायचं तर सगळं इथनंच वर येतं.’

सगळ्या सहलीचा हिशेब या वाक्यात आहे. सरकारी घरकुल योजनेतलं घर साधारण २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. नऊ इंची भिंत भट्टीच्या विटांत उचलायची तर सात हजार विटा लागतात. वीट तीन किलोची धरली तर एकवीस टन. ट्रॉलीत तीन टनांच्या वर भरली तर त्या वळणावर ती उलटते (एकदा उलटलीय, फुटक्या विटा अजून चरात दिसतात). म्हणजे एका घराला सात फेऱ्या, बारा घरांना चौऱ्याऐंशी. झाडापासून वर आणायला ट्रॅक्टरवाला फेरीचे १,२०० मागत होता, विटांचे पैसे वेगळे. फक्त चढणीचे लाखभर रुपये! आपले मुंबईचे एस्टिमेटवाले ‘वाहतूक’ म्हणून खाली एक ओळ लिहितात ना, ती ओळ इथे घर खाते.

त्यावर वाडीने काय केलं? विटा आणल्याच नाहीत. जोत्यासाठी आणि शोषखड्ड्यांसाठी जी माती खणली तीच चाळून, त्यात साधारण पाच टक्के सिमेंट घालून, हाताच्या दाबयंत्रावर ठोकळे पाडले. एका घराला अडीच हजार ठोकळे, त्यांना अठरा-वीस पोती सिमेंट. म्हणजे एकवीस टनांच्या जागी एक टन, एकच फेरी. भट्टी नाही, म्हणून जळणही नाही. वीज वाचवण्याच्या गप्पा सगळे पंख्यापासून सुरू करतात, इथे बचत भिंतीतच झालेली आहे.

यंत्र एकट्याला परवडत नाही, तिथे सहकार कामाला आला. सोसायटीने एक यंत्र घेतलं. सहा माणसं दिवसाला तीनशे ठोकळे पाडत, आणि ज्याचं घर त्याने इतरांच्या घरी तेवढेच दिवस भरायचे. मावशीने मातीची परीक्षा करून दाखवली. काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून हलवलं, ओट्यावर ठेवून दिलं. थोड्या वेळाने खाली वाळू बसली, तिच्यावर बारीक पोयटा, आणि वर चिकणमातीचा गढूळ थर. तो थर जाड दिसला तर वाळू मिसळायची, नाहीतर ठोकळा सुकताना तडकतो. काळी माती घेऊच नका, ती पाण्याने फुगते.

ठोकळे पाडायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ओले ठोकळे झाकून चार आठवडे पाणी मारावं लागतं, आणि मार्चनंतर इथे प्यायलाच पाणी नसतं. आम्ही गेलो तेव्हा बोअर आटलेली होती, टँकर दोन दिवसांआड. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा दोन्ही धरणं याच तालुक्यात, आणि मुंबईचे आपण ‘आज नळाला प्रेशर नाही’ म्हणून ओरडतो. तो टँकर वर येतानाचा आवाज ऐकला तेव्हा आम्ही सहाही जण गप्प होतो. जागा पाहायला जाल तर विहिरीत मे महिन्यात डोकावा. पावसाळ्यात दाखवलेली विहीर ही विहीर नव्हे.

घर थंड आहे का? मी भिंतीवरचा साधा तापमापक पिशवीत घालून नेला होता. दुपारी दोनला बाहेर सावलीत ३९, ठोकळ्यांच्या घरात ३४. शेजारच्या पत्र्याच्या घरात टेकलो तर ४१. इतका आनंद झाला की काकांनी तिथल्या तिथे ‘आपलं ठरलं’ जाहीर केलं.

रात्री ते शब्द गिळले. जाड भिंत दिवसभर प्यालेली उष्णता रात्री बाहेर टाकते. कोकणपट्टीच्या दमट हवेत दहा-साडेदहापर्यंत आत कोंदत होतं, आम्ही सगळे पडवीत झोपलो. कोरड्या हवेच्या मुलखात नुसत्या जाड भिंतींवर भागतं, इथे वारा लागतोच. बारापैकी सात घरांत समोरासमोर खिडक्या आहेत आणि आढ्याखाली जाळीची फट आहे, ती घरं लवकर निवतात. पाच घरांनी नंतर पश्चिमेला संडास चिकटवला आणि वाराच अडवला. माझं मत: पश्चिमेची भिंत मोकळी ठेवा, छत मंगलोरी कौलांचं करा, आणि स्लॅबचा हट्ट धरणाऱ्या मेव्हण्याला मे महिन्यात एक रात्र स्लॅबखाली झोपवा.

एका घरात पुढची वळचण कापून टीव्हीची डिश बसवलीय. तिथे पावसाचा मारा बसलेल्या भिंतीवर बोट फिरवलं तर पिवळी पूड हाताला आली, कोपऱ्यातल्या ठोकळ्याची धार पार गोल झालेली. बाकी घरांची वळचण अडीच फूट, जोतं दगडाचं आणि दोन फूट उंच. तिथले ठोकळे चार पावसाळ्यांनंतरही करकरीत. वळचण कापायची नाही, हा नियम सोसायटीच्या ठरावातच घाला.

पैशाचं. बारातल्या नऊ जणांना प्रधानमंत्री आवास ग्रामीणचे १,२०,००० मिळाले, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२,०००. पण हे पैसे प्रत्येकाच्या खात्यात वेगवेगळे, आणि तेही टप्प्याटप्प्याने. जोत्याचा फोटो ॲपवर चढला की पुढचा हप्ता. वाडीत रेंज नाही, म्हणून फोटो काढून फोन खाली झाडापर्यंत न्यायचा (पुन्हा ती चढण). एकाचा हप्ता अडकला की सिमेंटची एकत्र खरेदी अडकते. शेवटी सोसायटीने सगळ्यांकडून थोडे पैसे आधी जमवून त्यातून खरेदी केली, हप्ता आला की परत. तुमच्याकडे असा हाताशी निधी नसेल तर सुरुवातच करू नका.

सौरऊर्जेवर फार भाळू नका. सूर्यघर योजनेत घराला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० अनुदान आहे, तीन किलोवॅटला जास्तीत जास्त ७८,०००. सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८,०००. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला चारेक युनिट देतं, एवढ्या घराला ते पुरून उरतं. पण कौलांवर पॅनेल बसवणं म्हणजे कौलं फोडणं. त्यांनी समाजमंदिराच्या स्लॅबवर बसवून पंप आणि रस्त्याचे दिवे चालवलेत. घरात २८ वॅटचे पंखे लावले, जुने ७५ वॅटचे होते. माझ्या मते आधी पंखे बदला, मग पॅनेलचं बघा.

आता मुंबईकरांनी नीट वाचावं असं. सोसायटी काढायची अक्कल आपल्याला कुणी शिकवायला नको, गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची आहे. पण इथे जमीन शेतीची असते. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय ती घेता येत नाही. चढण उतरताना एक एजंट भेटला, ‘सोसायटीच्या नावावर करून देतो, कुणी विचारत नाही’ म्हणाला. सातबारा मागितला तर मोबाइलवर अर्धाच फोटो दाखवला. घरी येऊन त्यातला गट नंबर महाभूलेख या सरकारी साइटवर टाकला, तर भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी), आणि इतर हक्कात जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ ची नोंद. म्हणजे आदिवासीची जमीन. तिला हात लावायचा नाही, कायद्यानेही नाही आणि माणुसकीनेही नाही. सरळ मार्ग म्हणजे गावठाणालगतची वर्ग १ ची जागा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर ती बिनशेती करून घेणं त्यातल्या त्यात सोपं. आधी मोजणी करून घ्या. एजंटची दोनशे मीटर कधीकधी सहाशे भरतात.

रविवारी सकाळी तानसाच्या बाजूला चक्कर मारली. छान होतं.

चाळीतली बैठक पुढच्या रविवारी आहे. काका अजून ‘हो’ म्हणतायत, मीही म्हणतोय, पण अट घातलीय: जागा अशी हवी जिथे भरलेली ट्रॉली थेट पोचते, नाहीतर दाबयंत्राचे पैसे पहिल्या दिवशी जमा. तुम्ही जाणार असाल तर परतीची शेअर गाडी झाडाखालून सकाळी सातला आणि साडेनऊला सुटते, संध्याकाळची शेवटची साडेपाचला, ती चुकली तर पुन्हा ९०० वाला. चढण आठच्या आत चढा. माणशी दोन लिटर पाणी न्या, वर मागू नका, त्यांनाच नाहीये. आणि बूट घाला. मी सँडल घातली होती.