माझा सूर्य डोंगराआड मावळला होता

स्मरणिकेसाठी लिही म्हणून फोन आला तेव्हा पहिलं काय आठवलं असेल तर वास. दप्तरातल्या मासळीचा.

सातवीत होतो. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ ला वेगळा झाला त्याच्या पुढचं वर्ष, वहीच्या कव्हरवर हात अजून सवयीने जि. रत्नागिरीच लिहायचा. निबंध होता संध्याकाळच्या वेळेवर. मी गाईडमधून जसाच्या तसा उतरवला, सूर्य डोंगराआड मावळला वगैरे. सरांनी वही हातात धरून सगळ्या वर्गासमोर विचारलं, "काय रे, तुझो सूर्य डोंगराआड मावळता? आमचो तर रोज समुद्रात बुडता." मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या पोराने असं लिहायचं म्हणजे कमालच, पण खरं सांगतो, तोपर्यंत मला वाटायचं निबंधातला सूर्य वेगळा असतो.

मग म्हणाले, काल संध्याकाळी खंय होतंस ता लिही. काल मी रापणीवर होतो. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, होडीतनं जाळं अर्धगोल टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्हीकडची माणसं ओढत ओढत एकमेकांजवळ सरकत यायची, आम्ही पोरं शेवटाला लोंबकळायचो, ओढणं कमी न ओरडणं जास्त, तरी चार बांगडे वाट्याला यायचे. पिशवी नव्हती म्हणून भूगोलाच्या वहीची पानं फाडून त्यात गुंडाळले आणि दप्तरात टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाजूला कोणी बसेना. हे सगळं लिहिलं. दहापैकी पाच मिळाले, बाकीचे शुद्धलेखनात गेले, पण सरांनी मोठ्याने वाचलं आणि दप्तराचा उल्लेख आल्यावर अख्खा वर्ग माझ्याकडे वळून हसला.

आता दिवाळी अंकांत कथा लिहितो. विषय सुचेना झाला की 'बालपण' असं मोठं काही आठवत बसत नाही, त्यातनं नुसते उसासे निघतात. एखादी बारीक गोष्ट पकडतो, दोराने सोललेला तळवा नाहीतर अंगावरच वाळलेली खारट चड्डी, आणि तिच्या मागे मागे जातो. आठवण पुरी पडत नाही तिथे बिनधास्त घुसडतो, हेही कबूल.

मागच्या वर्षी ती रापण एका कथेत आली. ताईने वाचून लगेच फोन केला, "बांगडे खंयचे, पेडवे होते ते. आयेन त्यांचा तिखला केल्यान."

चाळीस वर्षं माझ्या डोक्यात बांगडेच. बॅचमधल्या कुणाला नक्की आठवत असेल तर कार्यक्रमात कानात सांगा. पेडवे निघाले तरी कथेत बदलणार नाही, बांगड्याचा वास जास्त लांब जातो.