स्टेपनीचं कव्हर: तीन आठवडे आणि एक नाडी

माझ्या जुन्या जीपचा वायरिंगवाला लग्नसराईत गायब झालाय, म्हणून म्हटलं तोवर स्टेपनीचं कव्हर तरी उरकून टाकू. एका संध्याकाळचं काम वाटलेलं, तीन आठवडे गेले.

गाडी म्हणजे १९७२ ची सीजे ३बी मॉडेलची जीप, उंच बॉनेटवाली (बॉनेट उंच का ते सगळेच विचारतात: तिच्या हरिकेन नावाच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच). स्टेपनी मागे, उघड्यावर. आधीच्या मालकाने काळ्या रेक्झिनचं कव्हर चढवलेलं आणि बहुतेक परत कधी काढलंच नव्हतं. मी ओढून काढलं तर कपभर पाणी पायावर सांडलं, बुडाला शेवाळ, रिमच्या कडेला गंजाचे पापुद्रे. टायरवर तारखेचे चार आकडे, २७०९, म्हणजे २००९ चा सत्ताविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी, रबराचे बारीक केस पण शिल्लक, आणि साइडवॉलवर अंगठा दाबला की भेगा तोंड उघडतायत! इतकी वर्षं मी याच्या भरवशावर कसारा घाट उतरत होतो.

मग ऑनलाइन 'व्हिंटेज लूक' कव्हर मागवलं, १६ इंच बघून, आणि इथेच माती खाल्ली, कारण १६ हे रिमचं माप, कव्हर बसतं बाहेरच्या घेरावर. आपला ६.००-१६ टायर उंच पण अरुंद, जेमतेम सहा इंच जाडीचा, आणि ही तयार कव्हरं हल्लीच्या रुंद टायरसाठी शिवलेली. ते आलं ते अगदी ढगळ पायजमा. नाशिकच्या त्र्यंबक रोडला साठच्या वर गेलो की मागे फडफड, पपया नर्सरीच्या सिग्नलला शेजारचा बाइकवाला म्हणतो दादा तुमचं काहीतरी सुटलंय.

शेवटी टायर घेऊन मार्केट यार्डाच्या बाजूला एका ताडपत्री शिवणाऱ्या मामांकडे गेलो. मी घरी टेप लावून आलो होतो, घेर ८९ इंच, भागिले ३.१४, म्हणजे व्यास सव्वाअठ्ठावीसच्या आसपास. मामांनी कागद बघितलाच नाही, टायर जमिनीवर आडवा टाकला, कापड वर पसरलं आणि खडूने गोल मारला. "माप खोटं बोलतं, टायर नाही बोलत." रेक्झिन का नको ते पण त्यांनीच सांगितलं, उन्हात आक्रसतं, शिवणीवर तडकतं आणि आत घाम धरतं. जाड सुती कॅनव्हास घेतलं, पण कापायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवलं, नाहीतर पहिल्याच पावसात आटून चढायचंच बंद होतं. मागे इलास्टिक नाही, नाडी. इलास्टिक वर्षात मरतं, नाडी तुटली तर दहा रुपयात नवीन. बुडाला पितळेची तीन आयलेट, म्हणजे कडी बसवलेली भोकं, पाणी निघायला. सगळं मिळून ८५० रुपये.

रंगावरून घरात आणि जीपवाल्यांच्या ग्रुपवर दोन्हीकडे वाद. ऑलिव्ह ग्रीन सगळ्यांना हवा असतो, पण मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, कव्हर म्हणजे काही गाडीचा पेंट नव्हे पण नाक्यावर हवालदाराशी तो तात्त्विक वाद घालायची माझी तयारी नाही. खाकी घेतलं. पेंटर म्हणाला गरुड काढून देतो, वाघ पण चांगला दिसेल. अमेरिकेत १९२०-३० च्या काळात डीलर लोक स्टेपनीच्या कव्हरवर स्वतःची जाहिरात रंगवायचे, त्यामुळे काहीतरी लिहिणं तसं अस्सलच आहे, पण मला कोरंच आवडतं. फारच वाटलं तर खाली बारीक स्टेन्सिलने 'स्टेपनी' लिहीन. वेल्समधल्या लनेलीच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ मध्ये डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढलं, नाव त्या रस्त्यावरूनच पडलं, तिकडे लोक हा शब्द विसरले आणि आपल्याकडे पंक्चरवाल्याच्या पोराला पण दुसरा शब्द माहीत नाही.

काल गाडी धुताना मुद्दाम मागे पाइप धरला. आयलेटमधून तीन धारा बरोबर खाली. फक्त नंबर प्लेटचा एक कोपरा झाकला जात होता, तर प्लेट दोन इंच डावीकडे सरकवली.

६.००-१६ चा ताजा टायर अजून मिळालेला नाही, कोणाकडे असेल तर तारीख बघून सांगा. तोवर नव्या खाकीत ती २००९ चीच म्हातारी बसलीये, आणि मी घाटात जात नाहीये.