खुबा मोडतो तेव्हा

आषाढ. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, अंगणात निसरडं, आणि ऑर्थोच्या वॉर्डात आजी-आजोबांची भरती. सगळे बापुडे पावसात घसरलेले असतात असं मात्र नाही. बरेचसे घरातच पडतात, पलंग ते न्हाणी एवढ्या वाटेवर, रात्री लघवीला उठताना. उभ्याउभ्या पडून खुबा मोडला, तर हाड आधीच ठिसूळ झालेलं असतं हे धरूनच चालायचं.

ओळखायला सोपं: पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर कलंडलेलं, जांघेत कळ, टाच खाटेवरून उचलत नाही. फसवतो तो एकात एक रुतलेला मोड. त्यात म्हातारं माणूस लंगडत चालतंसुद्धा. कधी दुखणं गुडघ्यात जाणवतं आणि फोटो गुडघ्याचाच काढला जातो. मग ‘मुका मार आहे’ म्हणत तेल चोळणं सुरू. चोळता-चालवताना रुतलेलं हाड सरकलं की साध्या तीन स्क्रूंवर भागणारं काम सांधा बदलण्यावर जातं. एक्स-रे साफ आला तरी पाय टेकताना जांघ दुखत असेल, तर एमआरआय किंवा सीटी मागावा.

पडलेल्याला उभं करून बघू नये, पाय ओढू नये. गुडघ्यांमध्ये उशी ठेवून 108 बोलवावी. जेवण देऊ नये. चालू गोळ्यांची पाकिटं आणि दीनदयाळ योजनेचं (गोव्याच्या सरकारी आरोग्यविम्याचं) कार्ड पिशवीत टाकावं. रक्त पातळ करणारी कुठली गोळी, शेवटची कधी घेतली, एवढं सांगता आलं तरी भूलतज्ज्ञाचा पुष्कळ वेळ वाचतो.

मोड कुठे आहे त्यावर सगळं ठरतं. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त मुख्यतः त्याच्या मानेवरून, म्हणजे गोळ्याखालच्या अरुंद भागावरून चढतं, फळाला देठातून रस मिळावा तसं. मान मोडून सरकली की तो पुरवठा तुटतो, गोळा सुकण्याची भीती असते. म्हणून वयस्कांत तो काढून कृत्रिम बसवतात, अर्धा किंवा पूर्ण सांधा. तरुण माणसात मात्र गोळा वाचवायची धडपड, तीही घाईने. मानेच्या खाली मोड असेल तर रक्त भरपूर, हाड जुळतं; तिथे प्लेट-स्क्रू किंवा हाडाच्या पोकळीतून नेल, म्हणजे धातूचा दांडा. हा नेल बिघडतो तो बहुतेक वेळा स्क्रूच्या जागेमुळे. स्क्रूचं टोक ते गोळ्याचा माथा हे अंतर समोरून आणि बाजूने मोजून बेरीज 25 मिलिमीटरच्या वर गेली, तर स्क्रू मऊ हाड फाडून बाहेर येण्याचा धोका वाढतो.

‘नव्वदीची आहे, आता कशाला कापाकापी?’ हा प्रश्न घरोघरी. ऑपरेशन नाही केलं तर प्रत्येक वेळी कूस बदलताना, डायपर बदलताना ती माउली ओरडते. वर न्युमोनिया, पाठीला जखमा, पायात गुठळी. माणूस जातं ते बहुधा यातल्याच कशाने तरी. म्हणून 48 तासांच्या आत ऑपरेशन व्हावं. पोटॅशियम, रक्त कमी असणं, हृदयाची तक्रार हे दुरुस्त करायला थांबणं समजतं. साखर अगदी काट्यावर यावी म्हणून चार दिवस थांबणं नाही. पायाला वजन लटकवलं की नातेवाइकांना उपचार चालू झाल्यासारखं वाटतं, पण दुखणं त्याने फारसं हटत नाही. जांघेत दिलेलं बधिरतेचं इंजेक्शन जास्त कामाचं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उभं करायचं, पूर्ण वजन टाकून. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. पोटरीखाली उशी द्यावी, टाच अधांतरी राहिली पाहिजे. तिथली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. चष्मा आणि कानाचं यंत्र पहिल्याच दिवशी परत द्यावं, नाहीतर रात्री माणूस भ्रमात जातं आणि घरचे म्हणतात वेड लागलं. नुसत्या पेज-लोणच्यावर ठेवू नये. अंडं, मासळी, डाळ रोज हवी. गुठळी रोखणारं औषध साधारण 4-5 आठवडे चालतं. सांधा बदलला असेल तर पाट, बैठा संडास, बुटकी खुर्ची काही महिने बंद. कमोडची बैठक गुडघ्याहून उंच हवी.

डिस्चार्जच्या कागदावर हाडाच्या ठिसूळपणाचं औषध पुष्कळदा नसतंच. तिथे अडून विचारावं. वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड 5 मिलिग्रॅम हा एक पर्याय, पण आधी ड जीवनसत्त्व भरून काढायचं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघायचं. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर ते चालत नाही, दुसरं औषध निवडावं लागतं. दात काढायचा असेल तर तोही आधीच उरकून घ्यावा.