ड्रॅगन थांबेल, आधी गहू

आज परभणीत दिवसभर झड होती. वावरात पाय टाकायची सोय नाही, म्हणून दुपारी निवांत स्कायरिम हा व्हिडिओ गेम लावला. आणि एकही लढाई केली नाही.

गेममधल्या व्हाइटरन शहराच्या वेशीबाहेर चिलफरो फार्मवर गहू काढला, तिथल्याच शेतकऱ्याला विकला. मग रिव्हरवूड गावात जाऊन लाकडं फोडली. एका मोळीला ५ मोहरा! अंधार पडल्यावर खानावळीत गाणं ऐकत बसलो. तिथला अख्खा दिवस आपल्या ७२ मिनिटांत सरतो, पण तेवढ्यात जीव पार निवला.

२०११ चा हा गेम ड्रॅगन मारण्यासाठी ओळखला जातो. पण मुख्य कथा पुढं नेलीच नाही तर रानात ड्रॅगन फिरकतच नाहीत. जग कुणाच्या तरी वीरपणाची वाट बघत शांत राहतं. पुढच्या वर्षी आलेल्या हार्थफायर या गेमच्या जोडभागात तर जागा घ्या, माती-दगड खणा, घर बांधा, परसात पेरा, दोन अनाथ लेकरं दत्तक घ्या. मला यात जादूपेक्षा जास्त जादू दिसते.

खरं सांगू का, मला सगळ्यात आवडतो तो व्यवहार. पीक काढलं की घेणारा समोरच उभा, पैसे लगेच हातात. आमच्याकडं सोयाबीन घरात येऊनही भावासाठी किती थांबावं लागतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. कष्टाला तिथल्या तिथं मोल मिळणं, माझ्यासाठी हीच खरी फँटसी आहे.

तुमच्यापैकी कोण असं खेळतं? घर कुठं बांधलंय?