लोकांची पोरं सांभाळायला अमेरिकेला

अमेरिकेत समर कॅम्पला काउन्सेलर म्हणून, म्हणजे कॅम्पवरच्या मुलांना सांभाळायला आणि शिकवायला, जायचं असेल तर काय करावं लागतं हे मला आता इतक्या जणांनी विचारलंय ना, की म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू, नंतर नुसती लिंक फेकता येईल. माझं प्लेसमेंट झालंय, पेनसिल्व्हेनियात पोकोनोजच्या डोंगरात एका कॅम्पवर, जूनमध्ये निघायचंय. घरी अजून सगळ्यांना पचलेलं नाहीये. बाबांचं म्हणणं एकच, बीएस्सी करून तिकडे जाऊन लोकांची पोरं सांभाळणार का. तर हो बाबा, अगदी तेच करणार आहे.

तिकडच्या शाळांना जूनमध्ये सुट्टी लागते ती ऑगस्टच्या शेवटापर्यंत, काही ठिकाणी सप्टेंबरपर्यंत. एवढ्या सुट्टीत पोरांना घरी ठेवायचं कुठे, म्हणून आई-बाप त्यांना तळ्याकाठच्या कॅम्पवर पाठवतात, काहींना एक-दोन आठवडे तर काहींना सात-आठ आठवडे सलग. ही जुनी पद्धत आहे त्यांची. कनेक्टिकटमधल्या फ्रेडरिक गन नावाच्या एका हेडमास्तरने १८६१ मध्ये शाळेतल्या मुलांना चालत समुद्रकाठी नेऊन तंबूत ठेवलं होतं, तिथून हे सुरू झालं असं मानतात. आता मेनसारख्या राज्यातल्या महागड्या कॅम्पची अख्ख्या सीझनची फी दहा हजार डॉलरच्या वर जाते. एवढे पैसे मोजणारे पालक त्यांचं पोरगं कोणाच्या हातात देताहेत हे विचारणारच ना. हे डोक्यात ठेवून फॉर्म भरा, अर्धं काम तिथेच होतं.

व्हिसा जे-१. त्यात बरेच प्रकार असतात, त्यातला 'कॅम्प काउन्सेलर' हा आपला. १९६१ च्या त्यांच्या कायद्याखाली हा सगळा सांस्कृतिक देवाणघेवाणीचा कार्यक्रम आहे, म्हणजे कागदावर आपण आपली संस्कृती दाखवायला जातो आणि कॅम्पवाल्यांना उन्हाळ्यात माणसं हवी असतात, दोन्ही खरं आहे. वय कमीत कमी १८, काम जास्तीत जास्त चार महिने, त्यानंतर ३० दिवस फिरता येतं पण त्यात काम करायचं नाही. आणि हे नीट वाचा, काउन्सेलरच्या व्हिसावर नेलेल्या माणसाला स्वयंपाकी, भांडी घासणारा, झाडलोट करणारा किंवा ऑफिसातला कारकून म्हणून कामाला लावता येत नाही, नियमातच लिहिलंय. किचनमध्ये काम करायला जाणारी मुलं असतात, पण ती समर वर्क ट्रॅव्हल या वेगळ्या प्रकारात जातात आणि त्यासाठी इथे फुलटाइम कॉलेज चालू असावं लागतं. त्यामुळे कोणी एजंटने "आधी काउन्सेलर म्हणून जा, तिथे गेल्यावर किचनचं बघू" असं सांगितलं तर तिथूनच नमस्कार करा.

एजंटवरून आठवलं. मी सुरुवातीला एका एजंटच्या ऑफिसात जाऊन आले होते, नाव घेत नाही, एसी केबिन, भिंतीवर स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, आणि समोरचे काका अगदी कॉन्फिडन्सने म्हणाले की व्हिसाची गॅरंटी आमची, आत्ता निम्मे भरा. व्हिसाची गॅरंटी कोण देणार हो? तो अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीपलीकडचा ऑफिसर ठरवतो. जे-१ साठी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली स्पॉन्सर संस्था लागते, तीच तुम्हाला डीएस-२०१९ नावाचा फॉर्म देते आणि त्या फॉर्मशिवाय व्हिसाची गोष्टच नाही. मान्यताप्राप्त स्पॉन्सरांची यादी त्या खात्याच्या जे-१ च्या वेबसाइटवर फुकट बघायला मिळते. इथला एजंट कितीही गोड बोलू दे, त्याला एवढंच विचारायचं की तुमचा स्पॉन्सर कोण, आणि ते नाव घरी येऊन त्या यादीत शोधायचं. काकांनी मला नाव काही सांगितलं नाही, चहा मात्र पाजला.

आता फॉर्म. त्यात कौशल्यांची ही लांबच लांब यादी असते, पोहणं, धनुर्विद्या, घोडेस्वारी, टेनिस, मातीकाम, नाटक, जिम्नॅस्टिक्स, क्लायम्बिंग, आणि प्रत्येकापुढे सांगायचं की नुसतं येतं, मदत करता येईल की शिकवता येईल. आपली मंडळी इथे काय करतात तर सगळ्यालाच टिक. असं करू नका, इंटरव्ह्यूत तासून घेतात. माझं उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमधून बेसिक माउंटेनियरिंग झालंय आणि दर मे महिन्यात मी आमच्या गिर्यारोहणाच्या ग्रुपच्या मुलांच्या शिबिरांना असते, नाशिकजवळ अंजनेरी आणि त्या बाजूला, त्यामुळे मी क्लायम्बिंग आणि रोप्स एवढंच 'शिकवता येईल' मध्ये टाकलं. बऱ्याच कॅम्पवर झाडांवर नाहीतर खांबांवर दोर बांधून केलेला कोर्स असतो, तिथे हार्नेस म्हणजे कमरेचा पट्टा तपासणारा, चढणाऱ्याचा सुरक्षेचा दोर खालून धरणारा, वर अडकून रडणाऱ्या पोराशी खालून बोलणारा माणूस लागतोच. पोहण्याचंही तसंच, लाइफगार्ड होऊ शकणाऱ्यांना भाव असतो. ज्याला मल्लखांब येतो त्याने तो जिम्नॅस्टिक्सखाली लिहून सोबत व्हिडिओ जोडावा, तो बघून कोणीही दोन मिनिटं थांबेल. क्रिकेट लिहायला हरकत नाही, पण त्यावर कोणी उचलून नेईल अशी आशा नको.

पण खरी मेख कौशल्यात नाहीये. त्यांना सगळीकडे प्रसंग हवा असतो. आपण लहानपणापासून सर्टिफिकेटं फाईलला लावत आलोय, एलिमेंटरी-इंटरमिजिएट, एमएससीआयटी, वक्तृत्व स्पर्धा, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि इथे ते कोणी मागतच नाही. फॉर्ममध्ये विचारतात, मुलांसोबत काम करताना अवघड वेळ कधी आली आणि तुम्ही काय केलंत. "मला मुलं खूप आवडतात" या वाक्याला तिथे काडीची किंमत नाही, कारण ते शंभरातले शंभर जण लिहितात.

मी चौथीतल्या एका मुलाचं लिहिलं. शिबिराची दुसरी रात्र होती, दुसरीच रात्र वाईट असते, पहिल्या रात्री दमून झोपतात. हा पठ्ठ्या तंबूत उठून बसला आणि मला घरी जायचंय म्हणून हुंदके द्यायला लागला, बघता बघता शेजारचा पण सुरू. अशा वेळी "उद्या सोडते हं घरी" म्हणायचा मोह होतो पण ते कधीच म्हणायचं नाही, कारण उद्या सकाळी तो बॅग भरून तुमच्यासमोर उभा राहणार. मी त्याला म्हटलं मला मदत कर, सगळ्यांचे टॉर्च गोळा करून मोज, कोणाच्या बॅटऱ्या उतरल्यात बघ. तो प्रत्येक टॉर्च चालू-बंद करत, बोटाने काच झाकून बोट लाल दिसतंय का बघत बसला आणि शेवटचे दोन-तीन मोजायच्या आत आडवा झाला. तिसऱ्या रात्री तोच बाकीच्यांना दम देत होता, ए टॉर्च बंद कर, बॅटरी जाईल. बास, एवढंच लिहिलं, साध्या इंग्रजीत. इंटरव्ह्यूमध्ये कॅम्पच्या डायरेक्टर बाईंनी पहिल्यांदा ह्याच टॉर्चवाल्या मुलाचं विचारलं.

रेफरन्सचा किस्सा पण सांगते. नात्यातलं नसलेलं आणि तुम्हाला मुलांसोबत काम करताना बघितलेलं माणूस लागतं. मी आमच्या ग्रुपच्या सरांना सांगितलं. सर डोंगरात एक नंबर, पण लिहून काय दिलं, तर "कुमारी अमुक अमुक ही होतकरू, कष्टाळू व प्रामाणिक असून तिची वर्तणूक चांगली आहे." आता ह्यात चूक काहीच नाही, आपल्याकडे सगळे दाखले असेच असतात, पण हे वाचून तिकडच्या बाईला काय कळणार? मग मी सरांच्या घरी गेले, काकूंनी पोहे केले आणि पोहे खाता खाता सरांना म्हटलं, सर तुम्ही मला एखादी गोष्ट करताना बघितलीये ती सांगा ना. ते जे सुटले! हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर एक मुलगी घाबरून बसली होती तेव्हा मी तिच्या एक पायरी खाली उभं राहून, तिचा हातही न ओढता, कसं उतरवलं ते त्यांनी अगदी तोंडपाठ असल्यासारखं सांगितलं, मी स्वतः विसरले होते. ते लिहिलं मराठीत, इंग्रजी त्यांच्या मुलाने करून दिलं.

इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर, आपल्या रात्री साडेनऊला, तिकडे सकाळचे अकरा. इंग्रजीचं टेन्शन सगळ्यांना असतं, मला पण होतं, पण अॅक्सेंट मारायचा प्रयत्न करू नका, हळू आणि सरळ बोला, शेवटी आठ वर्षांच्या पोरांशीच बोलायचंय. विचारतात काय तर, तुझ्या केबिनमध्ये, म्हणजे मुलींच्या राहायच्या खोलीत, दोघी भांडताहेत, एकीला घरून पत्र आलं नाही म्हणून ती जेवत नाहीये आणि पावसाने पोहणं रद्द झालंय, काय करशील. दुसरा हमखास प्रश्न, एखाद्या मुलीने येऊन सांगितलं की तुला एक सांगते पण कोणाला सांगू नकोस, तर? इथे आपली भावनाप्रधान माणसं "नाही सांगणार" म्हणतात आणि तिथेच संपतं. उत्तर असं की तसं वचन द्यायचंच नाही, तिला आधीच सांगायचं की तू सुरक्षित राहावीस म्हणून मला मोठ्यांना सांगावं लागू शकतं, आणि मग डायरेक्टरकडे जायचं. मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही हे पण बहुतेक कॅम्पवर पक्कं असतं. शिस्त कशी लावशील ह्यावर तर चुकूनही फटक्याचा विषय नको, आपल्याकडे सुद्धा २००९ च्या आरटीई कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे, पण "दोन लावल्या की गप्प बसतात" हे आपल्या तोंडात इतकं बसलंय की हसत हसत पण निघून जातं.

व्हिसाचं थोडक्यात. डीएस-२०१९ आला की सेव्हिसची, म्हणजे तिकडे अशा व्हिसावर जाणाऱ्यांच्या सरकारी नोंदीची, फी, काउन्सेलरला ती ३५ डॉलरच आहे (बाकीच्या बऱ्याच जे-१ वाल्यांना २२०), मग डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म आणि व्हिसा फी १८५ डॉलर. बोटांचे ठसे-फोटोची अपॉइंटमेंट वेगळी आणि मुलाखत वेगळी, माझी मुंबईला बीकेसीत होती. मोबाईल आत नेता येत नाही, तो कोणाकडे ठेवायचा ते नाशिकहून निघतानाच ठरवा. कायद्यातलं २१४ बी कलम असं की तुम्ही तिकडेच राहणार असं ऑफिसर धरूनच चालतो, परत येणार हे तुम्ही पटवायचं. मी पुढच्या वर्षाच्या अॅडमिशनचं सांगितलं, कॉलेजचं बोनाफाईड जवळ होतं, कुठे जाणार, काय शिकवणार, आधी मुलांसोबत काय केलंय, एवढं विचारलं आणि झालं. अजून एक, २०२५ च्या जूनपासून एफ, एम (हे दोन विद्यार्थ्यांचे) आणि जे व्हिसावाल्यांना सोशल मीडियाची प्रोफाइलं पब्लिक करायला सांगतात. माझ्या इन्स्टावर किल्ले आणि मावसबहिणीच्या हळदीतला नाच सोडून काही नाही, तरी तो नाच अमेरिकन सरकार बघणार ह्या विचाराने ताई अजून चिडवते.

पैसे. ह्यावर कोणी खरं बोलत नाही म्हणून मी बोलते. कमाई म्हणून जाऊ नका. राहणं-खाणं कॅम्पचं असतं, पण सीझनपुरते चालणारे असे कॅम्प तिकडच्या किमान वेतनाच्या केंद्रीय कायद्यातून सुटू शकतात, त्यामुळे मिळतो तो ठरलेला एकरकमी स्टायपेंड. बरोबरच्या अमेरिकन काउन्सेलरइतकं द्यावं लागतं हा नियम आहे, पण त्या पोराला विमानाचं तिकीट काढावं लागत नाही, तुम्हाला लागतं. स्पॉन्सरची फी, व्हिसा, तिकीट वजा केलं की माझ्या हिशेबात हातात फार काही राहत नाही. ऑफर लेटरमध्ये दोन गोष्टी शोधा, पैसे मध्ये मध्ये मिळणार की सगळे शेवटी, आणि मध्येच घरी परतावं लागलं तर काय. माझ्या लेटरमध्ये हे धड लिहिलेलं नव्हतं, मी मेल करून विचारलं आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी आकड्यांसकट उत्तर दिलं. विचारल्यावर कोणी रागावत नाही. आणि हो, पुढच्या एप्रिलमध्ये तिकडचं टॅक्स रिटर्न भरायचं असतं, १०४०-एनआर नावाच्या फॉर्मवर, ते विसरायचं नाही.

ज्यांना पुढच्या वर्षी जायचंय त्यांनी गणपती उठले की अर्ज उघडा, दिवाळीनंतर बघू म्हणाल तर चांगल्या जागा जायला लागतात, मार्चनंतर उरलंसुरलं. पोलिसांचं क्लिअरन्स आधीच करून ठेवा, आणि परीक्षेचं टाइमटेबल, ही आपल्याकडची मोठी भानगड आहे, कारण स्टाफचं ट्रेनिंग जूनच्या मध्यात सुरू होतं आणि आपला शेवटचा पेपर कधी हे आपल्याला आदल्या महिन्यापर्यंत कळत नाही. मी कॅम्पला पहिल्याच कॉलमध्ये सांगून टाकलं होतं की चार दिवस पुढेमागे होईल, त्यांनी चालवून घेतलं.

माझा मेडिकल फॉर्म अजून अडकलाय, लहानपणीचं लसीचं कार्ड आईने इतकं जपून ठेवलंय की ते कुठे ठेवलंय तेच तिला आठवत नाहीये. डॉक्टर काका म्हणाले गोवर-गालगुंडाचे डोस परत घेऊन टाक, टीबीची टेस्ट कालच दिली, परवा रिपोर्ट आला की अपलोड करते आणि मग तिकीट.